‘मूळ रूपातली मरिया’ : तो फोटो मूळ रूपाचा नाहीये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या मध्ययुगीन चर्चमधल्या लाकडी मूर्तींवर अख्खं पान आलं, ते बघून आधी इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी तरी कधी बघितली नव्हती. पण पानाच्या मधोमध जो मोठा फोटो छापलाय ना, बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया, नुसतं तपकिरी उघडं लाकूड आणि खाली ओळ ‘मूळ रूपातली मरिया’, तिथेच मी अडकले. पुढे लेखात वाक्य आहे की बाकीच्या मूर्तींवर भडक रंग फासल्यामुळे खालच्या लाकडाचं सौंदर्य झाकलं गेलंय. हे वाचून राहवलं नाही, म्हणून पत्र. लांबलंय, पण निदान फोटोबद्दलचा भाग तरी कापू नका ही विनंती.

मी गेली सोळा वर्षं जर्मनीत जुन्या लाकडी मूर्तींवरचा रंग जपायचं काम करते. म्हणजे सुटत चाललेले पापुद्रे परत चिकटवणं, मेणबत्त्यांची काजळी काढणं, कुठला थर कधीचा ते शोधणं. दिवसाचे सात-आठ तास डोळ्याला मायक्रोस्कोप आणि त्याच्याखाली मूर्तीचा बोटभर भाग. त्यामुळे रंगाला कुणी ‘फासलेला’ म्हटलं की मला ते लागतं, आणि माझं लागणं बाजूला ठेवलं तरी ते चूक आहे.

आधी तुमचा फोटोच बघू. ई-पेपरवर मोठा करून बघा, मरियेच्या उजव्या कोपराखाली झग्याची जी खोल घडी आहे तिच्यात पिठासारखं पांढुरकं काहीतरी दिसतंय. धूळ नाहीये ती, धूळ अशी घडीच्या तळाशी घट्ट बसत नाही. तो खडू आहे, सरसात कालवून लावलेला, रंगाच्या खालचं अस्तर. आणि लाकडाचा वरचा पोत बघा, गालावर सुद्धा तो किंचित लव आल्यासारखा दिसतो, गुळगुळीत नाही. कॉस्टिक पाण्याने धुतलेलं लाकूड असं होतं. म्हणजे ही मूर्ती रंगवलेली होती, नंतर कुणीतरी ती धुऊन, खरवडून काढली आणि आपण आज त्या खरवडलेल्या अंगाला मूळ रूप म्हणतोय.

आता ही माणसं मूर्ती करायची कशी ते थोडं सांगते, नाहीतर माझा मुद्दा हवेत राहील. लाकूड जागेप्रमाणे बदलायचं, दक्षिण जर्मनीत लिंडन, उत्तरेकडे ओक, फ्रान्सच्या मधल्या भागात अक्रोड, इटलीत पॉप्लर, स्पेनमध्ये बऱ्याचदा पाइन. लिंडन मऊ असतं, रेषा फारशा नसतात, पटाशी कुठल्याही दिशेने चालते, म्हणून जर्मन कारागिरांचं ते लाडकं. ओंडका आडवा दोन टोकांना अडकवायचा आणि फिरवत फिरवत कोरायचा, म्हणून कित्येक मूर्तींच्या डोक्यावर त्या पकडीचं भोक अजून सापडतं, लाकडाच्या खुंटीने बुजवलेलं. आणि मूर्ती पाठीमागून पोकळ करायची. का, तर लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आक्रसतं आणि गाभ्याच्या दिशेने कमी, साधारण निम्मं, त्या ओढाताणीत ओंडका तडकतो, चेहऱ्यावरून सरळ उभी भेग जाते, मग गाभाच काढून टाकायचा म्हणजे ताण उरत नाही. ही अक्कल त्यांना पुस्तकातून आली नव्हती, चार मूर्ती तडकल्यावरच आली असणार.

कोरून झालं की मूर्ती अर्धी झाली. खरंच अर्धी. मग कातड्याच्या सरसाचं पातळ पाणी द्यायचं, सांधे आणि गाठींवर लिननच्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यावर सरस-खडूचं अस्तर, एकावर एक पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा (इटलीत खडूऐवजी जिप्सम). आणि लेखकाला बहुतेक माहीत नसलेली गोष्ट ही, की या अस्तरात परत कोरीव काम व्हायचं. पापणीची कड, केसांच्या बारीक बटा, ओठांचा कोपरा, झग्याच्या काठाची नक्षी, यातलं कितीतरी लाकडात नसतंच, ते अस्तरात असतं. काही क्रूसांवर तर येशूच्या दंडावरच्या शिरा दाखवायला दोरे चिकटवून वरून अस्तर दिलेलं असतं. आता विचार करा, अशी मूर्ती धुतली की नुसता रंग जात नाही, पापणी जाते, शीर जाते, चेहऱ्यावरचा भाव जातो. उरतो तो चेहऱ्याचा कच्चा आराखडा, जो करणाऱ्याने कुणाला दाखवायला म्हणून केलेलाच नव्हता. फोटोतली मरिया लेखकाला ‘अलिप्त आणि शांत’ वाटली ना, तिच्या डोळ्यांत बुबुळं रंगवलेली होती हो, ती गेली म्हणून ती अलिप्त दिसते.

बॉनच्या म्युझियममध्ये एक पिएटा आहे, १३०० नंतरच्या पहिल्या काही दशकांतली, जेमतेम ८९ सेंटिमीटर उंच, आधी ज्याच्या संग्रहात होती त्याच्या नावावरून तिला रोएटगेन पिएटा म्हणतात. मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई. मुलगा हडकलेला, बरगड्या दिसतात, डोकं मागे लटकलंय, आणि जखमांतून रक्ताचे थेंब लटकतात ते सपाट रंगवलेले नाहीत, उठावदार आहेत, द्राक्षाच्या घोसासारखे. आणि आईचा चेहरा! शांत वगैरे काही नाही, ती आई चिडलेली आहे, गोंधळलेली आहे, हे असं का झालं म्हणून विचारतेय. मी पहिल्यांदा समोर उभी राहिले तेव्हा मला दोन पावलं मागे सरकावं लागलं. तुमच्या लेखात अशा मूर्तींना ‘बीभत्स’ म्हटलंय. ज्यांच्या घरात माणसं अशीच तापाने, उपासमारीने, डोळ्यासमोर जात होती त्यांच्यासाठी ती केली होती, ती त्यांना परकी वाटली नसणार. हीच मूर्ती रंगाशिवाय डोळ्यासमोर आणून बघा, हाडकुळा एक माणूस उरेल, त्याचं दुःख निघून जाईल.

रंगसुद्धा असा तसा नव्हता. हिंगूळ, शेंदूर, शिशाचा सफेदा, जंगालाचा हिरवा, निळ्यासाठी अ‍ॅझुराइट. हा अ‍ॅझुराइट जास्त बारीक वाटला की फिका पडतो म्हणून तो जाडसरच ठेवायचे, मायक्रोस्कोपखाली निळ्या काचेचा चुरा पसरल्यासारखा दिसतो आणि काय सुंदर दिसतो म्हणून सांगू. सगळ्यात महाग निळा मात्र लाजवर्दाचा, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून युरोपापर्यंत यायचा, त्याचं युरोपातलं नावच मुळी ‘समुद्रापलीकडचा’ या अर्थाचं. सोनं म्हणजे वर्ख, इतका पातळ की श्वास लागला तरी उडतो, खाली तांबड्या मातीचा लेप द्यायचा म्हणजे वर्खाला ऊब येते, आणि मग दाताने घोटायचा. दाताने म्हणजे खरंच जनावराच्या दाताने, कुत्र्याचा दात दांड्याला बसवलेला, १४०० च्या आसपासच्या एका इटालियन चित्रकाराच्या हस्तपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. मूर्तीवर सगळीकडे एकसारखी चमक नसायची, काही सोनं घोटलेलं, काही मुद्दाम मॅट ठेवलेलं. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात झग्याचा काठ मधेच पेटायचा आणि विझायचा, आणि चेहरा मऊच राहायचा कारण तिथे तेलातला रंग असायचा. म्युझियमच्या ट्यूबलाइटखाली यातलं निम्मंही दिसत नाही, त्यात फ्लॅश मारून फोटो काढला की भडक दिसणारच, त्यात मूर्तीचा काय दोष.

आणि हे एका माणसाचं काम नव्हतंच. पुष्कळ शहरांत कोरणाऱ्यांची आणि रंगवणाऱ्यांची गिल्ड, म्हणजे कारागिरांचे संघ, वेगळी, नियम वेगळे, तपासणी वेगळी. अँटवर्पमध्ये तर लाकडावर हाताच्या पंजाचा शिक्का डागलेला सापडतो, गिल्डने माल पास केल्याची खूण. रंग आणि सोन्याचा खर्च कोरीव कामापेक्षा जास्त झाल्याच्या नोंदीसुद्धा आहेत, म्हणजे पैसे मोजणाऱ्यांना तरी रंग हा वरवरचा साज वाटत नव्हता. यान व्हान आइकसारख्या चित्रकाराने ब्रुजच्या नगरभवनावरच्या मूर्ती रंगवल्याचं बिल आहे, १४३० च्या दशकातलं, त्या दगडी होत्या पण मुद्दा तोच, मूर्ती रंगवणं हे तेव्हा कमी प्रतीचं काम समजत नव्हते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ल्युबेकची. तिथल्या कॅथेड्रलमध्ये बेर्न्ट नोटके या कारागिराचा भव्य क्रूस आहे, १४७७ मध्ये उभा केलेला, सगळा मिळून साधारण १७ मीटर उंच, खालून बघताना मान दुखते. १९७० च्या दशकात त्याच्या मूर्तींवर काम चाललं होतं तेव्हा आतल्या पोकळीत लिहून ठेवलेला मजकूर सापडला, कारागिरांची नावं, कोण अस्तर करणारा, कोण कोरणारा, कोण रंगवणारा. पाचशे वर्षं मूर्तीच्या पोटात! चर्चमध्ये येणाऱ्या एकाही माणसाला ते कधी दिसणार नव्हतं, तरी लिहिलं, आणि अस्तर करणाऱ्याचं नाव वगळलं नाही. आपण त्यांच्या पाठीवर काय लिहितोय तर ‘भडक रंग फासलेला’.

कोलोनच्या कॅथेड्रलमधला गेरोचा क्रूस लेखात एका ओळीत उरकलाय, तोही फोटो न देता. अहो ती मूर्ती म्हणजे या सगळ्या प्रकाराचं मूळ म्हणावं अशी आहे. ओकच्या लाकडाची, १८७ सेंटिमीटर उंच, म्हणजे पूर्ण माणसाएवढी, आणि लाकडाच्या वर्तुळांवरून काळ काढलाय तो ९६५ च्या सुमाराचा, आर्चबिशप गेरोने करवून घेतलेली. आल्प्सच्या उत्तरेला टिकलेली क्रूसावरच्या येशूची एवढी जुनी मोठी मूर्ती दुसरी नाही. त्याआधी क्रूसावरचा येशू बहुतेक वेळा डोळे उघडे ठेवून, ताठ, राजासारखा दाखवायचे. इथे तो मेलेला आहे. मान पुढे पडलीये, पोट सुटून पुढे आलंय, दंडाचे स्नायू वजनाने ताणलेत, खालचा ओठ सैल. त्या मूर्तीबद्दल अकराव्या शतकातला एक बिशप-इतिहासकार गोष्ट सांगतो, की तिच्या डोक्याला चीर गेली होती, गेरोने त्या चिरेत प्रभुभोजनाची पवित्र भाकर आणि क्रूसाचा अवशेष ठेवून प्रार्थना केली आणि चीर मिटली. १९७६ मध्ये डोकं तपासलं तर तशी काही पोकळी सापडली नाही. मला त्या गोष्टीचं हसू येत नाही. लाकूड तडकतं हे त्यांनाही माहीत होतं, पण ज्या मूर्तीसमोर आपण रडतो तिच्या डोक्याला पडलेली चीर त्यांना जखम वाटली.

त्या मूर्तीवर आज जो रंग दिसतो तो पहिला नाही, नंतरच्या लोकांनी परत परत रंगवलीये. हेही समजून घ्यायला हवं. गावातल्या लोकांना मरियेचा झगा विटलेला बघवायचा नाही, मग पैसे जमवून नवा रंग द्यायचा, शंभर वर्षांनी परत. मी एकदा एका छोट्या संताच्या बाहीवर सात वेगवेगळे थर मोजले, टाचणीच्या टोकाएवढा तुकडा, कडेने बघितला तर एखाद्या डोंगराच्या कड्यासारखा, खाली पांढरं अस्तर, मग लाल, काजळी, हिरवा, परत काजळी, सोनं, आणि सगळ्यात वर चॉकलेटी ऑइलपेंट. एकामागून एक पिढ्यांनी त्या बाहीची काळजी घेतली होती.

मग धुतल्या कुणी? सोळाव्या शतकात मूर्तिपूजेविरुद्ध उठलेल्या, देव्हारे फोडणाऱ्या प्रोटेस्टंटांनी नाही. त्यांनी जाळल्या. १५२४ मध्ये झुरिकमध्ये नगर परिषदेच्या हुकमाने चर्चची दारं लावून कारागिरांकडून मूर्ती उतरवल्या, १५२९ मध्ये बाझलला लोकांनी शेकोट्या केल्या, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये लाट आली, इंग्लंडमध्ये तर इतकं गेलं की उरलेल्या लाकडी मूर्ती शोधाव्या लागतात. ते वाईट झालंच. पण धुणं हे बहुतेक १९ व्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, आणि ते कलेच्या प्रेमातून झालं ही त्यातली दुखरी गोष्ट. शिल्प म्हटलं की पांढरा संगमरवर किंवा उघडं लाकूड, रंग म्हणजे बाजारू, अशी चव तयार झाली होती. संग्राहकांना लाकूड हवं, मग विकणारे मूर्ती कॉस्टिकच्या हौदात बुडवायचे, ब्रशने घासायचे, वरून मेण लावून चकचकीत करायचे. तुमच्या लेखातलं ‘लाकडाचं सौंदर्य झाकलं गेलंय’ हे वाक्य म्हणजे हुबेहूब ती हौदवाल्यांची भाषा आहे, लेखकाला ते माहीत नसेल, पण आहे.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. रंग न देता ठेवलेल्या मूर्तीही होत्या. टिलमन रिमनश्नायडर हा व्युर्त्सबुर्गचा मोठा कारागीर, त्याने १४९२ मध्ये म्युनरश्टाटच्या चर्चला मेरी मॅग्डालीनची वेदी (म्हणजे पूजेच्या ओट्यामागचा लाकडी मूर्तींचा मोठा देखावा) पूर्ण करून दिली ती रंगाशिवाय. रोटेनबुर्गची त्याची पवित्र रक्ताची वेदीही तशीच. पण ती उघडी नव्हती, तिला पातळ तपकिरी लुकण होतं, बुबुळं काळी, ओठांना लाल छटा, आणि रंग मिळणार नाही हे धरूनच त्याने पटाशीने पोत काढला होता, कापडाचा वेगळा, कातडीचा वेगळा. म्हणजे ते ठरवून केलेलं काम होतं. आणि गंमत बघा, म्युनरश्टाटच्या लोकांना ते पटलं नाही, बारा वर्षांनी त्यांनी फाइट श्टोसला काम दिलं, ज्याने क्राकोवची ती अवाढव्य रंगीत वेदी १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून केली होती, आणि त्याच्याकडून रिमनश्नायडरच्या मूर्ती रंगवून, सोनं लावून घेतल्या. पुढे तो रंगही काढला गेला, आता त्यातल्या कित्येक मूर्ती म्युनिक आणि बर्लिनमध्ये अशा विखुरल्यात. तेव्हा उघडं लाकूड दिसलं की आधी विचारायला हवं, हे करणाऱ्याने ठरवलं होतं का नंतरच्या कुणी. फोटोतल्या मरियेच्या घडीत खडू आहे, तिचं उत्तर तिथेच आहे.

एक माझ्या टेबलावरचा प्रसंग सांगते आणि थांबते. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या चर्चमधून एक मरिया आमच्याकडे आली, साधारण तुमच्या फोटोतल्यासारखीच, धुतलेली, मेण लावलेली, गावातले सगळे तिला ‘तपकिरी बाई’ म्हणायचे, आजी-आजोबांपासून तेच नाव. काम फक्त कीड बघायचं होतं. मी तिला आडवी करून बाळाच्या पायाखाली, जिथे त्याचं पाऊल आईच्या झग्यात रुततं, तिथे काडीला कापूस गुंडाळून हळूहळू मेण काढत होते, आम्ही यासाठी बऱ्याचदा साधी लाळ वापरतो, तिच्याइतकं हलकं आणि कामाचं दुसरं काही मिळत नाही. आणि त्या खोबणीत, जिथे हौदवाल्याचा ब्रश पोचला नव्हता, तिथे निळा. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या कडेला सोन्याची एक रेघ आणि रेघेखाली ती तांबडी माती. मी ओरडलेच. सगळे जमले, एकेक करून मायक्रोस्कोपमध्ये बघून गेले, कुणी बोलत नव्हतं. तो दाणा स्टर्जन माशाच्या फुग्याच्या सरसाने पक्का केला, बाकी काहीच केलं नाही, नवीन रंग भरायचा तर प्रश्नच नव्हता. मूर्ती परत गेली त्या दिवशी गावातली एक म्हातारी बाई आली होती, तिला भिंग दिलं आणि जागा दाखवली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे हिचा झगा निळा होता होय.

तर संपादक महोदय, मागणी छोटी आहे. फोटोखालची ती ओळ दुरुस्त करा, ‘मूळ रूपातली’ काढून ‘रंग उतरवलेली’ एवढं लिहा. आणि जमलं तर पुढच्या रविवारी बॉनच्या त्या पिएटाचा फोटो रंगीत छापा, आणि मोठा छापा, थेंब दिसतील एवढा.

आपली,
एक नियमित वाचक